गाळलेली तीन स्थानं

बस जरा, एक सांगतो तुला. माझा धाकटा भाऊ गवंडी. मी बांधलेल्या बांबूच्या परांचीची दोरी सुटली आणि तो खाली आला. तेव्हापासून खाटेवरच आहे. दर शुक्रवारी मी त्याच्या उशाशी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना म्हणतो. येशू क्रूस घेऊन चालला त्या वाटेवरची स्थानं चौदा, पण ओझ्यानं तो पडतो ती तीन मी गुपचूप गाळायचो.

गेल्या शुक्रवारी म्हणाला, "दादा, अकराच झाली. मला काय कुक्कुलं बाळ समजतोस?"

"तुला त्रास नको म्हणून रे."

"त्रास तुला होतो. येशूही पडला हे ऐकलं की मला बरं वाटतं."

खरंच आहे त्याचं. पण तिथं आलो की माझी जीभच उचलत नाही. त्याचे दिवस थोडे राहिलेत. उद्या शुक्रवार. येशील? तेवढी तीन म्हणशील त्याच्याजवळ?