अनसेल्मोनं आणलेलं मुंडकं

माझा नवरा, आमचा म्हातारा अनसेल्मो, जन्मात एकदाच खोटं बोलला, आणि तेही त्याला धड जमलं नाही.

शहरातून डॉक्टर नेलिदा आल्या होत्या. हाडांच्या डॉक्टर, पण दगड झालेल्या हाडांच्या. आमच्या पातागोनियाच्या वाऱ्यात दार आपटू नये म्हणून मी एक दगडी कवटी उंबऱ्याशी ठेवलेली. ती मांडीवर घेऊन बाई कितीतरी वेळ दातांवरून बोट फिरवत राहिल्या. हातातला 'माते', आमचा इकडचा कडू चहा, गार झाला.

"अनसेल्मो, हा पुमा नव्हे," त्या म्हणाल्या. "कांगारूंच्या लांबच्या भाऊबंदांतला, पण मांस खाणारा. पावणेदोन कोटी वर्षांपूर्वी मेलेला. धड कुठंय ह्याचं?"

"एवढंच होतं," म्हातारा जमिनीकडे बघत म्हणाला.

अगं बाई! मला सगळं ठाऊक होतं. इथं मेंढपाळानं मेंढ्या खाणारा पुमा मारला की मुंडकं मालकाला दाखवायचं, धड तिथंच टाकायचं, ही रीत. गेल्या हिवाळ्यात समुद्रकाठच्या खडकात अख्खा सांगाडा दिसला, तर ह्या शहाण्यानं त्याच सवयीनं कुंपणाच्या हातोडीनं मान तोडून मुंडकं तेवढं आणलं! मालक पोट धरधरून हसला. आता पुन्हा हसं होईल म्हणून हा तोंड उघडेना, आणि तिकडे रोजची भरती त्या धडाचा घास घेत होती.

"म्हाताऱ्या, बोल," मी किटली आपटली. "नाहीतर मी बोलते."

"तू गप बस गं, म्हातारे." मग हळूच, "धड होतं, बाई. मान मी तोडली."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला, पण रागावल्या नाहीत. "ओहोटी कधी?" एवढंच विचारलं.

दुपारी आम्ही तिघं किनाऱ्यावर उतरलो. निम्मं धड लाटांनी नेलं होतं. मान, खांदे आणि पुढचा एक पाय राहिला होता. मला म्हाताऱ्याचा राग आला, आणि कीवही आली. बाईंनी कवटी त्याच्याच हातात दिली. गुडघे टेकून त्यानं ती मानेला लावली. कड थोडी झिजली होती, तरी बसली.

त्यानं टोपी काढली. चाळीस वर्षांत इतके पुमा मारले, एकासाठीही काढली नव्हती.

"ह्यानं माझी एकही मेंढी खाल्ली नव्हती गं," तो म्हणाला, आणि तिथंच रडायला लागला.