माशाच्या शेपटीवरचा हात

"हे ऐकून तुम्ही मला वेड्यात काढाल," म्हातारा मिस्त्री म्हणाला, "पण या माशानं आमच्या दादाची नाव उलट्या दिशेनं दोन कोस ओढत नेली!"

जुन्या वस्तूंचा व्यापारी हसला. भिंतीवर दोन हात लांबीचा लाकडी मासा होता. रंगाचे पोपडे उडाले होते, पण डोळा अजून ओला वाटत होता. पूर्वी गळाला मोठा मासा लागला की लोक तो मिस्त्रीकडे आणत. मासा कागदावर आडवा ठेवायचा, पकडणाऱ्यानं शेपटी दाबून धरायची आणि मिस्त्रीनं भोवती पेन्सिल फिरवायची. धरणाऱ्याच्या हातासकट आकृती उमटे, तिच्यावरून मिस्त्री लाकडी मासा कोरी. खरा मासा शिजून संपे, लाकडी भिंतीवर राही.

"दादा म्हणजे हट्टी बेणं! करवतीनं डावी करंगळी नेली, तरी गळ सुटला नाही. त्या सकाळी हा मासा आणला, इथंच धरला, मी आखला. म्हणाला, 'याची बायको अजून पाण्यात आहे, तिलाही आणतो.' गेला तो गेलाच."

दारात वहिनी चहा घेऊन उभी होती. त्या दिवशी ती माहेरी होती. चाळीस वर्षं ती हेच ऐकत आली होती, आणि दरवेळी नाव थोडी आणखी लांब जात होती.

"माशाबरोबर त्याच्या आकृतीचा कागद हवा," व्यापारी म्हणाला. "नाहीतर नुसतं खेळणं. कागद असला तर संग्रहालयात तुमच्या दादाच्या नावाची पाटी लागेल."

मिस्त्री घाईघाईनं म्हणाला, "तो उंदरांनी केव्हाच फस्त केला."

"काहीतरीच काय, भावजी! माझ्या ट्रंकेत आहे की."

ती आत गेली. मिस्त्रीला ती नाव आठवली. त्यालाच सापडली होती, रिकामी, एकही मासा नसलेली. आणि आदल्या संध्याकाळचं स्वतःचं हसणं आठवलं: "दादा, तुझ्या गळाला बेडूकसुद्धा लागायचा नाही!" ते हसणं आणि ती रिकामी नाव वहिनीला कळू नये, म्हणून तर त्यानं हा मासा मनानंच आखून कोरला होता.

वहिनीनं साडीच्या घडीतून कागद काढून टेबलावर पसरला. शेपटीवर डावा हात होता. कुणीतरी पुन्हा पुन्हा बोट फिरवल्यानं त्याची रेघ पुसट झाली होती.

व्यापारी चष्मा लावून वाकला. मिस्त्रीनं झटकन डावा पंजा आकृतीच्या करंगळीवर ठेवला. "इथं डाग पडलाय," तो म्हणाला.

वहिनीनं त्याचा पंजा हलकेच उचलला आणि रेघेच्या आत ठेवला. सुरकुतलेला होता, तरी नेमका बसला.

"राहू द्या, भावजी. पाचही बोटं मी पहिल्याच दिवशी मोजली होती."