मत् त्याला दे

लुआ आजीच्या गावात मधाला आणि पित्ताला एकच शब्द आहे: मत्. मधमाशीचं मत् म्हणजे मध, अस्वलाचं मत् म्हणजे पित्त, जे औषध म्हणून विकलं जातं. बोलताना माशी की अस्वल हे कुणी सांगत बसत नाही. ज्याच्या परसात मधाच्या पेट्या, त्याच्या घरी मत् मागितलं की मध मिळतो. ज्याच्या परसात पिंजरा, त्याच्या घरी पित्त. लुआच्या परसात दोन्ही होतं. लिचीच्या झाडांखाली सात पेट्या आणि मागच्या भिंतीला लागून एक पिंजरा.

तिचा नवरा ख्वात अर्धांगाच्या झटक्यानंतर नऊ दिवस अंथरुणाला खिळून होता. जीभ जड झाली होती, शब्द फुटत नव्हता. नवव्या दिवशी सकाळी त्यानं लुआचं मनगट धरलं, बराच वेळ ओठ हलवले आणि म्हणाला, "मत्... त्याला दे." दुपारी गेला.

लुआनं घरच्यांना बसवून सांगितलं. त्याला म्हणजे विन्हला, एकुलत्या एक मुलाला. बापामागं पित्त त्याचं, तेव्हा पिंजरा घरातून हलायचा नाही. मरणाऱ्याचा शब्द होता, कुणी काही बोललं नाही. लुआपुढं तसंही त्या घरात कुणी फारसं बोलत नसे.

याला पाच वर्षं झाली. पित्त काढायला सरकारची बंदी होती, पण अस्वल पाळायला नव्हती. फक्त मानेत नोंदणीची चिप बसवलेली हवी. ख्वातनंतर नोंदणी लुआच्या नावावर आली. विन्ह वर्षातून दोनदा अंगणाचं दार लावून घ्यायचा, अस्वलाला भुलीची सुई टोचायचा, पोटावर यंत्र फिरवून जागा शोधायचा आणि लांब सुई खुपसायचा. वाटी धरायचं काम लुआचं. पित्ताचे थेंब मोजके असतात, दुसऱ्या कुणाच्या हातावर तिचा भरवसा नव्हता.

पिंजऱ्यातली अस्वलं सोडवणाऱ्या संस्थेतली येन ही पोरगी ख्वात जिवंत असल्यापासून येत होती. हनोईहून बसनं यायची, बांधावर उतरायची आणि गावातून चालत सुटायची. ज्या घरी पिंजरा त्या घरी बसायची. पहिली दोन वर्षं लोकांनी तिच्या अंगावर कुत्री सोडली, मग कुत्र्यांचीच तिच्याशी ओळख झाली. ती कुणाला रागावत नसे. चहा प्यायची, गुडघेदुखीवरच्या झाडपाल्याची रोपं वाटायची, शाळेतल्या मुलांनी काढलेली अस्वलांची चित्रं दाखवायची आणि निघताना एवढंच म्हणायची, "विचार करून ठेवा, मी येते पुढच्या महिन्यात." आणि खरंच यायची. एकेका घरानं अस्वल देऊन टाकलं, कुणी कंटाळून, कुणी नातवंडांच्या भुणभुणीनं, कुणी पित्ताला गिऱ्हाईक उरलं नाही म्हणून. एके काळी गावात अठ्ठेचाळीस होती. आता एक.

गावच्या वेशीवर 'या गावात अस्वल पिंजऱ्यात नाही' असा फलक लावायचं ठरलं होतं. रंगवून दोन वर्षं झाली, अजून तो कचेरीत भिंतीकडं तोंड करून उभा होता.

"आलीस?" लुआ म्हणायची. "मला वाटलं, या महिन्यात तरी नवरा शोधायला गेली असशील."

"शोधते ना आजी. अस्वलं संपली की लगेच."

"म्हणजे माझ्या पिंजऱ्यापायी तू बिनलग्नाची. बाहेर बोलू नकोस, आधीच लोक मला कमी नावं ठेवत नाहीत."

"नाही बोलत. पान द्या एक."

लुआ पानाला चुना लावून द्यायची. पोरीला पान खाता येत नव्हतं, डोळ्यांत पाणी यायचं, तरी मागायची. हे लुआला आवडायचं, पण तिनं ते कधी दाखवलं नाही.

त्या वसंतात येननं सोबत एक प्राण्यांचा डॉक्टर आणला. त्यानं गजाबाहेरूनच बराच वेळ पाहिलं. अस्वल कोपऱ्यात पाठ करून बसलेलं होतं. माणूस आला की ते तसंच बसायचं. गजांवर घासून कपाळाचे केस गेलेले, सुळे मोडलेले. नव्या वर्षात विन्हनं पित्त काढलं तेव्हा ते दोन दिवस उठलं नव्हतं, आणि वाटीत आलं ते काळं, गाळासारखं होतं. डॉक्टर म्हणाला, "आजी, आणखी एकदा सुई लागली तर हे उठेल असं मला वाटत नाही."

विन्हनं खाली पाहिलं. त्याच्या मनात असतं तर त्यानं अस्वल केव्हाच देऊन टाकलं असतं. पण अस्वल देण्याच्या कागदावर अंगठा आईचा लागणार होता.

"सगळं खरं," लुआ म्हणाली. "पण माझा नवरा जाताना बोलून गेला. मत् त्याला दे. पिंजरा रिकामा केला तर मी मुलाला काय देऊ, हवा?"

"आई, मला नको आहे ते," विन्ह म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी? तुला काय हवं ते तुझ्या बापाला ठाऊक होतं."

या उत्तरापुढं येन पाच वर्षं अडली होती. कायद्याशी भांडता येतं, हावरटपणाशी येतं. मेलेल्या माणसाच्या शब्दाशी कसं भांडायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

उन्हाळा लागता लागता ख्वातच्या श्राद्धाचा दिवस आला. लुआनं पहाटेपासून सून थोमला कामाला लावलं. उकडलेली कोंबडी, लाल चिकट भात, बांबूच्या कोंबांचा रस्सा. फोटोपुढं पाच फळं आणि उदबत्त्या. थोमनं काही केलं की लुआ ते पुन्हा एकदा करायची, म्हणजे काम दुप्पट व्हायचं आणि दोष एकीचाच.

येन आली ती हातात बाटली घेऊन. सुटका केलेली अस्वलं ज्या डोंगराच्या पायथ्याशी ठेवतात, तिथल्या गावचा मध होता.

"श्राद्धाला रिकाम्या हातानं कसं यायचं," ती म्हणाली.

"आम्ही मधवाले, आणि आम्हालाच मध," लुआ म्हणाली. "ठेव. थोम, वाटीत काढ नि फोटोपुढं ठेव. घरच्या मधासारखा अर्धा गायब करू नकोस."

हे बोलणं जुनं होतं. ख्वात असताना शेवटची काही वर्षं मधाच्या बाटल्या हमखास कमी भरायच्या. लुआनं शोध लावला होता की सून माहेरी पाठवते. वर्षातून दहा वेळा ती हे चारचौघांत बोलून दाखवायची. थोमनं कधी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

थोम बाटली घेऊन मागच्या ओट्यावर गेली. झाकण घट्ट बसलं होतं. तिनं लाकडी डाव घेतला आणि झाकणाच्या कडेवर ठोकला. टक, टक, टक.

पिंजऱ्यात काहीतरी हललं.

पाठ करून बसलेलं अस्वल उठलं. मागचा पाय ओढत पुढं आलं, गजांपाशी बसलं आणि उजवा पंजा बाहेर काढून तळवा वर करून थांबलं. प्रसादाला ओंजळ पुढं करावी तसं.

ओट्यावर येन उभी होती, विन्ह उभा होता, दारात लुआ. पाच वर्षांत ते अस्वल माणसाच्या दिशेनं एक पाऊल आलं नव्हतं.

"हे काय करतंय?" लुआनं विचारलं.

थोमनं डाव खाली ठेवला.

"थोम, मी तुला विचारतेय. हे याला कुणी शिकवलं?"

"बाबांनी."

"काय शिकवलं?"

"शिकवलं असं नाही," थोम म्हणाली. "बाबा रोज सकाळी पेट्या बघायला यायचे ना, तुम्ही बाजारात गेलात की. डाव गजावर ठोकायचे, तीनदा. मग ते पुढं यायचं. हातावर मध घालायचे त्याच्या. चाटून झालं की परत कोपऱ्यात."

"रोज?"

"रोज."

लुआच्या तोंडात पान होतं. ते चावायचं राहिलं.

"आणि बाटल्या?"

"त्यातूनच जायचा मध. बाबा म्हणाले, तुझ्या सासूला कळलं तर माझी खैर नाही. म्हणाले, तू बोलू नकोस."

"मी तुला चोर म्हणत होते."

"हो."

"सात वर्षं."

"आठ," थोम म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता.

"मग ते गेल्यावर तरी सांगायचंस."

"तुम्ही विचारलं नाहीत, आई. आणि न विचारता बोललेलं या घरात चालत नाही."

विन्ह खोकला. अस्वलाचा पंजा अजून बाहेरच होता, तळवा वर.

लुआला ती नवव्या दिवसाची सकाळ आठवली. ख्वातनं मनगट धरलं होतं तेव्हा तो तिच्याकडं बघत नव्हता. मान मागच्या दाराकडं वळवली होती. तिला वाटलं होतं, मानेची शीर आखडली. विन्ह तर तेव्हा त्याच्या पायाशीच बसला होता. त्याला द्यायचं असतं तर बोट दाखवायला वीतभर अंतर होतं. नऊ दिवस अस्वलाला कुणी मध दिला नव्हता. नऊ दिवस तो पडल्या पडल्या तेवढंच सांगायला बघत होता.

मत् त्याला दे. आणि तिनं पाच वर्षं वाटी धरली.

"आई," विन्ह हळूच म्हणाला, "बाबांनाच विचारू या का? फोटोपुढं दोन नाणी टाकून. एक छापा एक काटा पडला तर हो."

"ज्यानं धड सांगितलं होतं त्याला परत काय विचारायचं," लुआ म्हणाली. "ऐकणारीचे कान फुटले होते."

तिनं झाकण उघडलं, डाव भरून मध घेतला आणि ओट्यावरून खाली उतरली. तिला बघताच अस्वलानं पंजा आत घेतला आणि ते मागं सरकत थेट कोपऱ्यात गेलं. वाटी धरणारी बाई त्याला ठाऊक होती. लुआनं डाव गजांमध्ये आडवा टेकवला, पिंजऱ्याकडं पाठ केली आणि लिचीच्या झाडांकडं बघत थांबली. बऱ्याच वेळानं मागं लाकूड गजावर घासल्याचा आवाज आला. मग चाटण्याचा.

"येन," ती वळून न बघता म्हणाली, "तुझा तो कागद घेऊन ये. आणि गावात उगाच सांगत फिरू नकोस की तू मला पटवलंस. तुझ्या चित्रांनी मला काही पटलेलं नाही."

"नाही सांगत, आजी."

"आता जेवायला बस. भात निवतोय."

कागद, परवाना, गाडी, सगळं जमायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस सकाळी डाव ठोकला तो थोमनं. लुआ दाराआड उभी राहून बघायची. सून चुकत नव्हती, त्यामुळं तिला बोलायला काही मिळत नव्हतं.

न्यायच्या दिवशी अर्धं गाव भिंतीपाशी जमलं. शेजारच्या म्हातारीनं कुंपणावरून विचारलं, "लुआ, आता तुझ्या परसात राहिलं काय गं?"

"तुझं डोकं ठेवायला जागा झाली," लुआ म्हणाली. "आणखी थोडं आत घाल, मावेल."

ती डाव भरून पिंजऱ्याशी आली तेव्हा डॉक्टरनं हात आडवा केला. भूल द्यायची होती, रात्रीपासून अस्वल उपाशी ठेवलं होतं, पोटात काही जाऊन चालणार नव्हतं. लुआनं वाद घातला नाही. मध परत बाटलीत ओतला, डाव पुसला आणि येनच्या हातात दिला.

"तीनदा ठोकायचा. चौथ्यांदा नाही, त्याला कळत नाही मग."

"तिथं अस्वलांना खायला घालणाऱ्या बाईंना मी स्वतः सांगते."

"सांगू नकोस. ठोकून दाखव."

अस्वल झोपलं. सहा जणांनी ते जाळीत घालून उचललं तेव्हा बघणाऱ्यांना ते वाटलं होतं त्याहून हलकं निघालं. डॉक्टरनं मानेवर यंत्र फिरवून चिपचा आकडा वाचला. तो कागदाशी जुळला. अंगणातल्या टेबलावर वनखात्याचा तरुण अधिकारी कागद भरत बसला होता. नाव, गाव, आकडा, किती वर्षं पिंजऱ्यात. शेवटी एक रकाना होता, प्राण्याच्या सवयीच्या खाण्याचा. येननं सांगितलं, त्यानं लिहिलं आणि कागद लुआपुढं सरकवला.

लुआला अक्षरं ओळखू यायची, पण जोडून वाचायचं तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. अंगठ्याला शाई लागली होती. तिनं अंगठा हवेतच धरला.

"थोम, वाच. शेवटचं."

थोम हात पुसत आली. वाकून तिनं वाचलं, "भाताची पेज, भोपळा, मत्."

"कसलं मत्?"

अधिकारी हसला. "आजी, अस्वलाला खायला घालायचं म्हणजे मधच की. सगळ्यांना कळतं."

"मला पाच वर्षं कळलं नव्हतं," लुआ म्हणाली. "माशीचं लिही."

त्यानं लिहिलं.

"थोम, वाच."

"मधमाशीचं मत्."

मग तिनं अंगठा टेकवला.