शिवणीची छाटणी

कुऱ्हाडीच्या दांड्याचा तिसरा फटका बिरदेवाच्या उजव्या मनगटावर बसला, आत काडकन आवाज झाला आणि हातातला कोयता निसटून पडला. तो ओरडला नाही. ओरडली ती बांधावर मेंढरं घेऊन उभी असलेली त्याची बायको, केवळाबाई.

"मेंढरांच्या पाल्यापायी माणूस मारता का मालक?"

"पाला? सात वर्षं लेकरागत वाढवली ही झाडं!" म्हणत दिनकररावांनी चौथा फटका पाठीत घातला. मग सालगडी मुंजाजीला हाताशी घेऊन बिरदेवाला नाल्याकाठच्या एका झाडाला बांधलं. मोडलेला हात मागं ओढला तेव्हा मात्र बिरदेव किंचाळला. मुंजाजीनं मान फिरवली, तरी गाठ पक्कीच मारली. पोलिसांना फोन आधीच गेला होता.

चारठाण्याच्या शिवारात चार एकर कापसाच्या रानात इमारती लाकडासाठी शिवणीची झाडं लावली तेव्हा लोक दिनकररावांना हसले होते. सल्ल्याला मात्र तोटा नव्हता. रोपवाटिकेवाला म्हणाला, छाटा. जावई म्हणाला, हात लावू नका. मोबाईलवर रोज नवा शहाणा निघायचा. शेवटी वैतागून त्यांनी झाडाला लोखंड लावायचंच नाही असं ठरवलं आणि तेच चारचौघांत मिरवू लागले. नाल्याकडची झाडं सरळसोट वाढली, ती ओल लागते म्हणून, हेही त्यांनीच ठरवलं होतं. तिकडं ते वर्षातून एकदाही जात नसत.

आज गेले, कारण परभणीहून सुकेशनी येणार होती. खाजगी रान राखणाऱ्यांना सल्ला देणं हे तिचं काम, आणि चार महिने फोन करून त्यांनी तिची वेळ मिळवली होती. ती स्कूटीवरून उतरली तेव्हा बिरदेवाची मान छातीवर लोंबत होती.

"बरं झालं मॅडम आलात. नुकसान लिहून द्या. ह्याला आत घालायचाय."

"आधी सोडा त्यांना, काका."

"पोलीस येईस्तोवर न्हाई."

दोर सोडायला ती पुढं झाली तर दिनकररावांनी दांडा आडवा धरला. तिनं तिथूनच १०८ला फोन लावला. मग पिशवीतली बाटली काढून बिरदेवाच्या तोंडाला लावली. तो पाणी पीत असताना तिची नजर त्याच्या डोक्यावरच्या खोडावर गेली. तिनं बोट फिरवलं. शेजारची पाचसहा झाडं पाहिली, बांधाकडची पाहून आली. येताना तिची चाल बदलली होती.

"नाल्याकडची कुणी छाटली? दोन-तीन वर्षांपासून कुणीतरी छाटतंय. जखमा भरल्यात, दोन पुरुष उंचीपर्यंत गाठ नाही. बांधाकडची तशीच ठेवलीत, ती सगळी फांद्यांनी नासलीत. यंदा छाटली तर वाचतील, नाहीतर सरपण. त्याच माणसाकडून करून घ्या."

मुंजाजीनं चोरून बिरदेवाकडं पाहिलं आणि पायाच्या अंगठ्यानं तो माती उकरू लागला. दिनकररावांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला.

"मीच छाटली," ते म्हणाले.

केवळाबाई हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं.

सुकेशनीनं मातीतला कोयता उचलून त्यांच्या हातात दिला. "मग एक करून दाखवा."

नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. दिनकररावांनी दांडा टाकला, दहा पावलांवर सुरू होणाऱ्या बांधाकडच्या रांगेतल्या पहिल्या झाडाची फांदी धरली आणि वरून घाव घातला. दुसरा. तिसऱ्याला फांदी आपल्याच भारानं मोडली आणि खोडाची हातभर साल सोलून घेऊनच खाली आली. आतलं ओलं, पांढरं लाकूड उघडं पडलं. ते दुसऱ्या झाडाकडं वळले. तिथंही तेच. तिसऱ्याला तर ते दातओठ खाऊन मारत सुटले, मघाशी पाठीवर मारत होते तसेच. सात वर्षांची तीन झाडं तेवढ्यात वाया गेली.

सुकेशनी बिरदेवाच्या मागं बसून गाठ सोडत होती. गाठ सुटत नव्हती.

"मालक, बास करा," बिरदेव म्हणाला. "झाड मरायलंय."

दिनकरराव कोयता उगारून त्याच्यावर धावले. मेंढरं उधळली. केवळाबाई पळत येऊन नवऱ्यापुढं आडवी झाली. मुंजाजीनं डोळे मिटले.

बिरदेव तिच्या खांद्यावरून बोलला. आवाज चढवायची ताकद त्याच्यात नव्हती.

"आधी खालून एक चीर द्यावी लागती. मंग वरून. साल फाटत न्हाई."

कोयता वरच होता. दिनकररावांना धाप लागली होती. त्यांनी हात खाली घेतला, कुणाकडंच न बघता फिरले आणि पुढच्या झाडापाशी गेले. गुडघे वाकवून त्यांनी पातं फांदीच्या खालून लावलं.

"लय खोल नगं," बिरदेव म्हणाला. "हां. आता वरून."