साठीच्या पुढची दौड

"ह्या काय लिवलंस रे, भाई?" आईने पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

भाईकाका आमच्या देवबागच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान, पण सोबत शाळेच्या दिवसांपासूनची. मंडळ दरवर्षी डिसेंबरात दौड भरवतं, तिला यंदा बाबांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पत्रकावर ठळक अक्षरांत 'कै. हरिश्चंद्र केळुसकर स्मृती दौड' असं होतं आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत, 'साठ वर्षांवरील व्यक्तींना प्रवेश नाही.'

"वयनी, नियम केलो आमी. हरिश्चंद्राचा झाला ता आनी कोणाचा होवक नको."

"काय झाला ह्यांचा?"

भाईकाकांनी माझ्याकडे पाहिलं. तीन महिन्यांपूर्वी, सप्टेंबरातल्या एका सकाळी, बाबा तारकर्लीच्या रस्त्यावर धावता धावता कोसळले. अडुसष्ट वर्षांचे होते. होमस्टेवाल्या निलेशने गाडीत घालून मालवणला नेलं, पण वाटेतच सगळं संपलं होतं.

तेव्हापासून आमच्या ओटीवर येऊन प्रत्येकाने हेच सांगितलं. "ह्या वयात धावाक कित्या होया होता?" शेजारची काशीबाई तर आईचा हात धरून म्हणाली होती, "घरात बसान रवलो असतो तर आज आसलो असतो गो." आई ऐकून घेत होती. तीन महिने तिने कुणाला उत्तर दिलं नाही.

आज दिलं.

"पंचेचाळीस वर्षा धावले हे," ती म्हणाली. "ता कोण सांगणा नाय. एका दिसाचा तेवढा सांगतास."

बाबा मालवणच्या कचेरीत कारकून होते. पहाटे उठून तारकर्लीपर्यंत धावत जायचे, धावत यायचे आणि आंघोळ करून आठची एसटी पकडायचे. उभ्या आयुष्यात त्यांना एकच बक्षीस मिळालं, तिसऱ्या नंबराचा स्टीलचा डबा. आई त्यात साखर ठेवते. मी शाळेत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी रस्त्यावर सराव करू लागले, तेव्हा चार माणसं पारावरून बोलली. दुसऱ्या दिवशी बाबा ऑफिसची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या बाजूने धावायला लागले. पाराजवळ आलो की मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "गौरजा, वेग वाढव!"

अकरा वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू लुळी पडली. ती परत चालेल असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही. बाबांनी धावणं त्याच दिवशी सोडलं. कॅलेंडरवर रोजच्या ओहोटीच्या वेळा लिहिल्या, कारण ओहोटीला किनाऱ्यावरची ओली वाळू टणक असते. कधी ऑफिसच्या आधी, कधी नंतर, कमरेला हात घालून ते तिला तिथे चालवायचे. जाळी ओढणारे हसायचे. बायकोला असं चारचौघांत कवटाळून कोण फिरवतं?

"हसांदेत," बाबा म्हणायचे. "तू पाय उचल."

चौदा महिने हे चाललं. मग एके दिवशी आई काठी टेकून एकटी उभी राहिली आणि म्हणाली, "आता तुमी धावान येवा. मी हय उभी रवतंय." बाबा ओढून ठेवलेल्या होड्यांपर्यंत धावत गेले आणि आले. एवढ्याशा अंतरात तीनदा मागे वळून पाहिलं त्यांनी.

हे भाईकाकांना माहीत नव्हतं असं नाही. पण ते म्हणाले, "वयनी, उद्या कोणाक काय झाला तर जबाबदारी कोणाची? मंडळाचीच मां?"

"डॉक्टराचो कागद मागा. दवाखान्याची गाडी उभी करा. पन दार बंद करू नकात." आईने पत्रकाची घडी घालून त्यांच्या हातात दिली. "तू कितक्या वर्षांचो रे?"

"चौसष्ट."

"मगे तू पन घरात बस. ह्यांचा नाव लावन लोकांका घरात बसवशात तर माका ता चलाचा नाय. नाव काढ, नायतर नियम काढ."

रविवारी देवळाच्या सभामंडपात मंडळाची बैठक होती. आई न बोलावता गेली, मी तिच्या मागून. तेच बोलणं तिथे पुन्हा झालं. शेवटी मागे बसलेला मंडळातला धोंडू म्हणाला, "वयनी, नियम काढू. पन साठीच्या वरचा धावतला कोण? एक तरी नाव सांगा."

"लिव," आई म्हणाली. "सुनीती हरिश्चंद्र केळुसकर. वय चौसष्ट."

कुणी हसलं नाही. मी तिच्या पायाकडे बघत राहिले. अजूनही तो पाय टाकताना जरा ओढला जातो.

भाईकाकांनी वहीत नाव लिहिलं. मग त्याच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं. दौडीच्या दिवसापर्यंत साठीच्या वरचे सात झाले. त्यांत काशीबाईही होती. "माका बघूंदे तरी," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांनी आईच्या कागदावर 'फक्त चालणे' असं लिहून दिलं होतं. तीन किलोमीटर. मला तिने दहा पावलं मागे राहायला बजावलं. पहिल्या वळणावरच सगळे पुढे निघून गेले. काशीबाई लुगड्याचा काचा मारून चक्क धावत होती. आई आपल्या चालीने चालत राहिली. दोनदा माडाला टेकली. मी पुढे झाले तर हाताने 'थांब' म्हणाली. गाडी घेऊन आलेल्या निलेशला तिने तसाच परत पाठवला.

आम्ही पोचलो तेव्हा बक्षीस समारंभ उरकला होता. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. दौड संपते तिथली फक्कीची पांढरी रेघ शेकडो पायांनी पुसून गेली होती, कडेला थोडी शिल्लक होती. आई तिथपर्यंत वळून गेली आणि नेमकी तिच्यावरून पलीकडे झाली.

भाईकाका घामेजलेल्या बनियनवरच, वही हातात घेऊन उभे होते. "वयनी, वेळ काय लिवू?"

"झाली ती लिव."

त्यांनी घड्याळ पाहून लिहिलं. एक तास एकवीस मिनिटं.

आईने एक खुर्ची मागून घेतली आणि बसली. पदरावर लावलेला नंबर सोडवायला घेतला. चार सेफ्टी पिना होत्या. उजवी बोटं नीट वळत नाहीत म्हणून डाव्या हाताने, सावकाश, तिने एकेक पिन काढली आणि हातातल्या, बाबा गेल्यावरही न उतरवलेल्या हिरव्या बांगडीत अडकवत गेली.