मोटारीत शिरलेले पद्माकरराव

सकाळी नऊच्या सुमाराला चामराजपेटेतल्या अहल्याबाईंच्या दारात रांग लागली होती. काळ्या मोटारीचं बॉनेट उघडं होतं आणि आतल्या एका लोखंडी नळकांड्याला हात लावायला माणसं पुढे सरकत होती. हात लागला की चटका बसे आणि लगेच हात जोडले जात. इंजिन आदल्या दुपारपासून बंद होतं. तरी ते नळकांडं तापलं होतं, आणि त्याच सकाळी सात वाजता दुकानातून भरून आणलेल्या बॅटरीत हॉर्न वाजवण्याइतकाही जोर उरला नव्हता.

"बघितलंत?" तेजोनिधी स्वामी पाटावरून म्हणाले. "देहात प्राण, समईत ज्योत, मोटारीत विद्युत. पद्माकररावांचा जीव या गाडीत अडकलाय. त्यांना तहान लागते. बॅटरी भरली की ते पितात. प्यायल्यावर अंग तापतं. मी बारा वर्षं वाहनात पाय ठेवला नाही, या लोखंडातलं मला काही कळत नाही. मला फक्त आत्मा दिसतो."

"पद्माकर जन्मात कॉफीशिवाय काही प्यायला नाही," शेषगिरी पुटपुटले. पण त्यांचा आवाज आज पडेल होता.

शेषगिरी हे अहल्याबाईंचे थोरले भाऊ. तारखात्याच्या बॅटरीच्या खोलीत त्यांची तीस वर्षं गेली होती. मेहुणे पद्माकरराव चार महिन्यांपूर्वी वारले. मागे राहिली ही मोटार. बेळगावकडचा कल्लाप्पा ती यशवंतपूर स्टेशनवर भाड्याने चालवी, त्यावर बहिणीचं घर चाले. दुखवट्यात गाडी दोन महिने उभी राहिली आणि बॅटरी मेली. तेव्हा शेजारच्या गंगव्वांनी स्वामींना आणलं. स्वामींनी बॉनेटखाली मंतरलेलं तांब्याचं यंत्र बांधलं, नवी बॅटरी आली, गाडी धावली. पण त्या दिवसापासून गाडी दोन तास उभी राहिली की बॅटरी रिकामी.

आता स्वामी म्हणत होते, अमावास्येला वाहनदान करा. मोटार येलहंक्याच्या आश्रमात गेली की आत्मा सुटेल.

शेषगिरींचा संशय मात्र पहिल्यापासून कल्लाप्पावर होता. हा चोरून भाडी मारत असणार, दिवे चालू ठेवून कुठेतरी उभा राहत असणार. काल त्यांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली होती. "घ्या अण्णा," कल्लाप्पा खाली बघत म्हणाला होता, "पण मी काही केलं नाही."

आणि आज किल्ली शेषगिरींच्याच खिशात असताना बॅटरी मेली. कल्लाप्पा फाटकाशी लांब उभा होता. शेषगिरींना त्याच्याकडे बघवेना.

"अण्णा, देऊन टाकू का रे गाडी?" अहल्याबाईंनी हळूच विचारलं. "मला पटत नाही. पण हात लावला तर खरंच तापलंय."

"तापलंय हे खरं," शेषगिरी म्हणाले. "कशानं तापलं ते अजून कुणी बघितलं नाही. स्वल्प थांब."

त्यांनी कल्लाप्पाला नाक्यावरच्या टॅक्सीवाल्याची भरलेली बॅटरी मागून आणायला सांगितलं. ती बसवली, तिची एक तार मोकळी ठेवली आणि त्या मोकळ्या जागेत मोटारीचा एक बल्ब जोडला. सगळी बटणं बंद होती. काहीच वीज खात नसेल तर बल्ब पेटायचं कारण नव्हतं.

बल्ब लख्ख पेटला.

"आत्मज्योत," स्वामी म्हणाले. गंगव्वांनी पदर डोक्यावर घेतला आणि रांग जमिनीला टेकली.

शेषगिरी वाकून तारांचा माग काढू लागले. त्या तापल्या नळकांड्याकडून, म्हणजे डायनॅमोकडून, एक तार एका लहान डबीकडे जात होती. डबीवरच यंत्र बांधलेलं होतं. त्यांनी हात पुढे केला.

"कटाउटला हात लावू नका," स्वामी घाईने म्हणाले. "यंत्र बाटेल."

शेषगिरी थांबले. मान वर करून त्यांनी स्वामींकडे नीट पाहिलं. "या डबीला कटाउट म्हणतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

स्वामी जपमाळ शोधू लागले. कल्लाप्पा फाटकाकडून पुढे आला. "अण्णा, यंत्र स्वामींनी स्वतः बांधलं. मी बांधतो म्हटलं तर मला पाणी आणायला पाठवलं."

यंत्र जाड तांब्याच्या तारेने बांधलेलं होतं, आणि ती तार डबीच्या दोन स्क्रूंना बरोबर वेढे घालून घट्ट केली होती. शेषगिरींनी ती सोडली. बल्ब विझला. परत लावली, पेटला. सोडली, विझला.

अहल्याबाई टक लावून बघत होत्या. "हे इतके आज्ञाधारक कधीच नव्हते," त्या म्हणाल्या. रांगेत कुणीतरी हसलं.

मग शेषगिरींनी यंत्र सुतळीने तिथेच बांधलं. बल्ब विझलेलाच राहिला. यंत्र बाजूला ठेवून नुसता तारेचा तुकडा दोन स्क्रूंना लावला, आणि बल्ब पेटला.

"मोटार पळते तेव्हा हा डायनॅमो बॅटरी भरतो," ते लोकांना म्हणाले. "मोटार थांबली की ही डबी दोघांमधला रस्ता बंद करते. या तारेने तो रस्ता कायमचा उघडा ठेवला. वीज उलटी डायनॅमोत जायची, बॅटरी रिकामी व्हायची आणि डायनॅमो तापायचा. यात पद्माकर कुठेच नाही."

"ध्यानाची वेळ झाली," स्वामी उठत म्हणाले. त्यांना कुणी थांबवलं नाही, पण नमस्कारही कुणी केला नाही. बारा वर्षं वाहनात पाय न ठेवलेले स्वामी कोपऱ्यावर टांगा थांबवून त्यात चढले.

"पण अण्णा, तुमच्या हाताने आत्मा गेला असेल तर?" गंगव्वा अजून साशंक होत्या.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका, अक्का. ही तार धरा. स्वतः लावा." गंगव्वांनी भीत भीत तार टेकवली. बल्ब पेटला. काढली, विझला. चार वेळा तसं करून त्यांनी तार खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर मागे केला.

शेषगिरींनी खिशातून किल्ली काढली आणि सगळ्यांसमोर कल्लाप्पापुढे धरली. "चूक झाली माझी. या लोकांनी न तपासता भूत मानलं, मी न तपासता चोर मानला. दोन्ही एकाच जातीचं. तारेची परीक्षा मला पहिल्या दिवशी करता आली असती, पण मला तुझ्यावर संशय घेणं सोपं वाटलं."

कल्लाप्पाने किल्ली लगेच घेतली नाही. त्याने आधी बल्ब सोडवून बाजूला ठेवला, बॅटरीची तार घट्ट बसवली आणि बॉनेट बंद केलं. मग हात पुसून किल्ली घेतली.

"सरी, अण्णा, झालं ते झालं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी आधी बल्ब लावा. मग किल्ली मागा."