व्हीपीएनचा रकाना

कंपनीच्या प्रवासाच्या फॉर्मवर नववा रकाना होता: ‘परदेशात असताना फोनवर व्हीपीएन हवे आहे का? हो / नाही.’ पहिले आठ रकाने मी चहा निवायच्या आत भरले. नवव्यापाशी तीन दिवस अडून बसले.

आमची कंपनी विजेचे मीटर बनवते आणि मी त्यातले दोष शोधते. या वेळी दोष शोधायला बारा दिवस चीनमधल्या एका कारखान्यात जायचं होतं. दोन तुकड्या जाणार होत्या, एक या महिन्यात आणि एक पुढच्या. मी या महिन्यातली मागून घेतली, कारण तिच्यात सोळा तारखेचा रविवार येत होता. सोळाला बाबांचा पहिला स्मृतिदिन. घरी सांगितलं, कंपनी पाठवते आहे, काय करणार.

बाबा, म्हणजे उत्तमराव, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. नांदेडकडून इकडे तेलुगू मुलखात आले ते तारनाक्यालाच राहिले. आमच्यासारखी मराठवाड्यातली पंधरा-वीस बौद्ध घरं आसपास आहेत, आणि त्या सगळ्या घरांत नामकरणापासून मयतीपर्यंत वंदना बाबाच सांगायचे. ते पुढे म्हणायचे, बाकीचे मागून. ते गेल्यावर वंदनेचं पुस्तक वाचायचं कुणी, हा प्रश्न आला. माझा भाऊ आदर्श आणि त्याची बायको पिंकी इंग्रजी शाळेत शिकलेले, देवनागरी त्यांना दुकानाच्या पाटीपुरतीच वाचता येते. आईला अक्षरओळख नाही. मला मात्र बाबांनी हट्टाने मराठी वाचायला शिकवलं होतं. थोरली असण्याचे असे तोटे असतात.

वर्षभरात मी सात घरांत वंदना सांगितली. लोक म्हणतात, शिवानीने बापाची जागा घेतली. मी काही घेतली नाही, मला धरून बसवलं. बाबांच्या मयतीलाही मीच पुढे म्हणत होते आणि मागे सगळे रडत होते. मला रडता येत नव्हतं, पुढची ओळ चुकली असती. नंतर ते रडू आलंच नाही. वर्ष झालं. जेवते, ऑफिसला जाते, मीटर तपासते. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा होतो, तशी मी सगळी झाले आहे. आता बाबांच्या फोटोसमोर बसून तेच सगळं पुन्हा कोरडेपणाने म्हणायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. त्यांच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं झालं असतं.

“परेशान नको होऊ, अक्का,” आदर्श म्हणाला. “तिकडं व्हॉट्सॲप बंद असते, पण व्हीपीएन टाकलं की झालं. त्यांना वाटतं फोन इकडंच आहे. तू व्हिडिओवर बस आणि बोल. मी टीव्हीला जोडतो, सगळ्यांना दिसते.”

“कंपनी टाकू देते का बघते.”

“कंपनीला कायकू विचारायचं? मी टाकून देतो ना.”

आई मेथी निवडत बसली होती. तिने एवढंच विचारलं, “आणि ते नाही लागलं तर?”

“तर बोलता येणार नाही, आई,” मी म्हणाले. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली आणि मग पुन्हा मेथीकडे वळली.

ऑफिसात माझ्या शेजारी पुण्याचा तेजस बसतो. तो दोनदा चीनला जाऊन आलेला. फॉर्म हातात घेऊन त्याला विचारलं, व्हीपीएन खरंच लागतं का.

“सिम कुठलं नेणारेस? आपलंच, रोमिंगवर? मग कशाला हवंय? रोमिंगचा डेटा आपल्या सिमकंपनीकडून फिरूनच येतो. व्हॉट्सॲप मस्त चालतं. तिथल्या हॉटेलच्या वाय-फायवर गेलीस तरच बंद पडतं.”

“नक्की?”

“अगं, बायकोने मला एक दिवस सुट्टी दिली नाही.”

आपण चांगली बातमी दिली, अशा खुशीत तो कॅन्टीनला गेला. मी नवव्या रकान्यात ‘नाही’वर खूण केली. ते उत्तर खरंच होतं. घरी जाऊन सांगितलं की कंपनीने व्हीपीएनला नकार दिला, ते खोटं होतं. आदर्शने मग स्वतःच माझ्या फोनवर एक व्हीपीएन टाकलं, तीनदा चालवून बघितलं आणि मला दोनदा समजावलं. शमशाबादच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत उभी असताना मी ते काढून टाकलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

तिकडे पोचल्यावर घरी साधा मेसेज केला: पोचले, व्हीपीएन चालत नाही, काळजी करू नका. रोमिंगच्या साध्या कॉलला मिनिटाला काय पडतं, ते मी निघायच्या आधीच त्यांना घाबरतील असं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे तोही दरवाजा बंद होता.

फोन अर्थातच धडधाकट चालू होता. आमच्या तुकडीचा कामाचा ग्रुप व्हॉट्सॲपवरच, डेटा बंद करून चालणार नव्हतं. मी शेवटचं कधी आले ते दिसू नये आणि मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा उमटू नयेत, अशी व्यवस्था केली आणि घरचं सगळं बघत राहिले. आदर्श घरच्या ग्रुपवर फोटो टाकत होता, परत आल्यावर अक्काला बघायला मिळतील म्हणून. आबिड्सच्या बाजारातून मोठा करून आणलेला बाबांचा फोटो. पांढरी फुलं. पिंकीने त्रिशरण आणि पंचशील यूट्यूबवर ऐकून इंग्रजी अक्षरांत लिहून काढलं होतं, दोन पानं, ठिकठिकाणी चुकलेलं. ती रोज पाठ करते म्हणे. मी ती दोन पानं मोठी करून शेवटपर्यंत वाचली. लाज वाटायला हवी होती, एवढं कळलं. वाटली नाही.

रविवारी कारखाना बंद होता. घरचा कार्यक्रम दहाला, म्हणजे तिकडे साडेबारा. मी हॉटेलच्या पलंगावर बसून होते. पावणेबाराला आईचा आवाजी मेसेज आला, फक्त मला.

“शिवानी, आदर्श म्हणतोय तुला तिकडं काई पोचत नाही. पण मी रोज सकाळी तुला फुलाचा फोटो पाठवते, त्याच्याखाली दोन टिका येतात. एक टिक म्हणजे गेलं, दोन म्हणजे पोचलं. मला वाचता येत नाही, टिका मोजता येतात.”

दोष शोधायचा पगार घेणारी बाई मी. निळ्या खुणा बंद केल्या आणि करड्या दोन विसरले.

पुढे भांड्यांचा आवाज आला. मग ती हळू बोलली, बहुतेक स्वयंपाकघराचं दार लोटून.

“मी कुणाला बोलले नाही. तुला नको असंल तर नको. मला बी नको वाटतंय बघ. मला बी रडू येत नाही. वरीस झालं, कुणी आलं की पदर तोंडाला लावते, लोकायला वाटतं रडायली. आज पुन्हा तेच करायचं. पण मला कुठं जाता येतंय?”

मी तो मेसेज दुसऱ्यांदा ऐकला नाही. एकदाच पुरला. एक वर्ष आम्ही दोघी एका घरात जेवत होतो आणि मला वाटत होतं की मी एकटीच अशी आहे. आणि मी तिला तिथे, त्या सगळ्या लोकांत, टाकून आले होते. याची मात्र लाज वाटली. स्पष्ट वाटली.

साडेबाराला तीन मिनिटं असताना मी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. आधी तिचं नुसतं कपाळ दिसलं, मग मागे माणसांनी भरलेली खोली. माझ्याकडे न बघताच तिने सगळ्यांना सांगितलं, “लागलं बघा पोरीचं व्हीपीएन.”

“मी बोललो होतो ना,” आदर्शचा आवाज आला. “दे, टीव्हीला जोडतो.”

“टीव्ही नको. माझ्या हातातच राहू दे.”

ती बाबांच्या फोटोसमोर बसली आणि फोन असा धरला की मला फोटो दिसेना, तीच दिसली. पिंकीला मी म्हणाले, तुझी पानं जवळ ठेव, मी अडले तर सांग. मग मी सुरुवात केली. मागून सगळे म्हणू लागले, आवाज पोचायला वेळ लागत होता म्हणून जरा उशिरा. कुणीतरी हुंदका दिला. आईने पदर तोंडाला लावला आणि शेजारच्या सुशीलाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पदराच्या वर तिचे डोळे कोरडे होते आणि ते थेट माझ्याकडे बघत होते. मीही तिच्याकडे बघत पुढची ओळ म्हटली.